फेस बसेपर्यंत

माझ्या अंगाला म्हशीचा वास येतो, हे मला लग्नानंतर पाचव्या दिवशी कळलं. बांगड्या भरायला गेले होते, तर शेजारी बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावला आणि कासारीण हसून म्हणाली, ह्या दूधवाल्यांच्या नव्या सूनबाई. मी शाहूवाडीकडची, भाताच्या चिखलात वाढलेली. शेणाचा मला कधी तिटकारा नव्हता. पण गावाकडं सगळ्यांच्याच अंगाला तो वास असतो, म्हणून कुणाला जाणवत नाही. कोल्हापुरात आले आणि तो मला एकटीला चिकटला. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली आणि ठरवून टाकलं की मला जे पोर होईल, त्याच्यावर ह्या गोठ्याची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

आमच्या चार म्हशी होत्या. मालक, म्हणजे माझे यजमान, त्यांना सकाळ-संध्याकाळ पेठेच्या तोंडाशी कट्ट्यावर नेऊन उभ्या करायचे. आणखी सात-आठ जणांच्या म्हशी तिथं असायच्या. गिऱ्हाईक किटली घेऊन समोर उभं राहायचं, त्याच्या देखत धार निघायची, चरवीतनं मापात आणि मापातनं किटलीत. कुणी पेला घेऊन यायचं, तिथंच उभ्यानं पिऊन मिशीवरचा फेस पुसत निघून जायचं. कोल्हापूरच्या जुन्या माणसाचा पिशवीतल्या दुधावर भरवसा नाही. म्हैस डोळ्यांनी बघितल्याशिवाय दूध त्याच्या घशाखाली उतरत नाही. मालकांना ह्या धंद्याचा केवढा अभिमान! दुधात पाणी घालणाऱ्या माणसाबरोबर ते चहासुद्धा प्यायचे नाहीत.

मी मात्र त्या कट्ट्यावर कधी पाय ठेवला नाही. वैरण, शेण, गोठा, सगळं घरात मीच करायचे, पण चारचौघांत त्या चरवीपाशी उभं राहायचं नाही, एवढा एक हट्ट मी धरून होते. काही निरोप असला तर दुसऱ्या कुणाकडनं धाडायचे. मालक हसायचे आणि म्हणायचे, आमची राणीसरकार हाय. मी त्यांना हसू द्यायचे.

मग लेक झाली. सहा वर्षांची झाल्यावर तिला पेठेतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातली. पहिलीला एक वयस्कर गुरुजी होते. त्यांच्या वर्गात पोरं एका सुरात पाढे म्हणायची, ते पार रस्त्यावर ऐकू यायचे. भाजी घेऊन परत येताना मी मुद्दाम त्या खिडकीखाली थांबायचे. बे एके बे ऐकताना मला वाटायचं, एकेक आकडा माझ्या लेकीला गोठ्यापासनं एकेक पाऊल लांब नेतोय. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ असलेली पोरगी म्हशीमागं जात नाही, हे माझं साधं गणित होतं.

दुसरीला नव्या बाई आल्या. नृसिंहवाडीकडच्या, वयानं लहान, घरात कानडी बोलणाऱ्या, त्यामुळं त्यांच्या मराठीला जरा वेगळा हेल होता. कुठलंसं नवं ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाकं भिंतीला लावली आणि पोरांना जमिनीवर गोल करून बसवलं. पाढे नाहीत, गिरवणं नाही. चिंचोक्यांचे ढीग करायचे, दोरीनं खिडकी मोजायची, दगड तोलायचे. त्यांचं म्हणणं एकच: आधी अंदाज करा, मग मोजा, मग जे दिसलं ते मोठ्यानं सांगा.

घरात लेकीनं नुसता उच्छाद मांडला. भाकरी किती वितीची, घागरीत किती तांबे पाणी मावतं, सगळं मोजून बघायची. एकदा मला म्हणाली की गोठ्यापासनं चुलीपर्यंत माझी बावीस पावलं होतात आणि तुझी पंधरा, मग खरं अंतर कुणाचं? मी म्हटलं, आधी साताचा पाढा म्हण. सात सक्कंपाशी अडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या बाईंकडं चार महिने घालवून पोरीला सात सक्कं बेचाळीस येत नाही आणि वर मलाच कोडी घालते!

गल्लीत सगळ्याच बायका कुरकुरत होत्या. माझी शेजारीण, जिचा नवरा गुळाच्या अडत्याकडं तोलाईला होता, ती म्हणायची, चिंचोके खेळायला शाळा कशाला पाहिजे, दारात काय चिंच न्हाय? माझं अक्षर चांगलं होतं आणि जीभ त्याहून चांगली, त्यामुळं पुढारीपण आपोआप माझ्याकडं आलं. मी अर्ज लिहिला. पोरांचं वर्ष वाया चाललंय, आम्हाला पुस्तकातनं आणि पाढ्यातनं शिकवणारे शिक्षक पाहिजेत, असा. घरोघर फिरून सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. खोटं कशाला सांगू, त्या आठ दिवसांत मला फार बरं वाटलं. दूधवाल्यांची सून म्हणून नव्हे, अर्जवाल्या बाई म्हणून लोक मला ओळखायला लागले होते.

हेडमास्तर पेन्शनीला टेकलेले. त्यांना भांडण नको होतं. त्यांनी पालकांना बोलावलं आणि सांगितलं की दिवाळीनंतर दुसरीच्या दोन तुकड्या करतो. एक पुस्तकाची, ती गुरुजी घेतील. एक कृतीची, ती बाई घेतील. प्रत्येकानं छापील कागदावर कुठली तुकडी पाहिजे ते लिहायचं आणि वडिलांची सही आणायची, सोमवारपर्यंत. आम्ही एकमेकींकडं बघतच राहिलो. कुठली जुडी पाहिजे असं आजवर आम्हाला फक्त भाजीवाल्यानं विचारलं होतं. शाळेनं विचारलं ते पहिल्यांदाच.

मी त्याच संध्याकाळी कागद भरला. वळणदार अक्षरात ‘पुस्तकाची तुकडी’ असं लिहिलं आणि मालकांच्या पुढं धरला. ते म्हणाले, सही करतो की, घाई काय हाय? घाई नव्हती, कारण वेगळंच होतं. बाई त्यांना परस्पर कट्ट्यावर भेटून गेल्या होत्या. शनिवारी सकाळच्या शाळेला अख्खा वर्ग म्हशींपाशी आणते, पोरांना लिटर म्हणजे काय ते दाखवा, असं म्हणाल्या होत्या. आणि आमचे मालक! चार दिवस सगळ्या कट्ट्याला सांगत सुटले होते की शनिवारी मी मास्तर हाय.

घ्या! म्हशीपासनं लांब जावी म्हणून पोरीला शाळेत घातली, तर ही बाई सगळी शाळाच म्हशीखाली आणून बसवायला निघाली. मी दोन दिवस भांडी आपटली. पण आईचा जीव, शुक्रवारी लेकीच्या दोन वेण्या घट्ट घातल्या, फ्रॉकला इस्त्री केली आणि तिला बजावलं की बाईंनी काही विचारलं तर पुटपुटायचं नाही, जे असेल ते मोठ्यानं आणि स्पष्ट सांगायचं. तिकडं मालकांनी म्हशी धुऊन त्यांच्या शिंगांना तेल लावलं. बेंदराचा सण होऊन चार महिने झाले होते, तरी लावलं.

शनिवारी मी कट्ट्यावर गेले नाही. पण कट्ट्याच्या अलीकडं पिठाची गिरण आहे, तिच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. तीसेक पोरं हातात पाट्या घेऊन ओळीनं आली. नेहमीची गिऱ्हाइकं जाता जाता थांबली. पुढंच एक पेन्शनर आजोबा होते, आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासनं किटली घेऊन येणारे. मालकांनी स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी धार काढली, चरवी उचलली आणि हात डोक्याइतका वर नेऊन मापात दूध सोडलं. पांढरी धार, आणि मापावर फेसाचा हा एवढा घुमट! पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, आडोशाला उभी असून माझाही ऊर जरा भरून आला.

बाईंनी विचारलं, किती झालं? पोरं ओरडली, एक लिटर. आता ह्यातनं पाव लिटरची किती मापं भरतील त्याचा अंदाज पाटीवर लिहा, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांनी चार लिहिलं. मग आधी कोण ओतणार ह्यावरनं पोरांची भांडणं लागली आणि त्या गडबडीत लिटरचं माप दगडावर तसंच राहिलं. माझी लेक त्याच्यापाशी उकिडवी बसली होती. बाईंनी शिकवल्याप्रमाणं डोळा मापाच्या काठाच्या रेषेत आणून बघत होती. आणि तिनं मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं.

“बाई, लिटर न्हाय झालं. फेस बसला. बोटभर कमी हाय.”

बाईंनी घाईघाईनं पाव लिटरचं माप पुढं केलं, बहुधा विषय बदलावा म्हणून. तीन मापं भरली. चौथं अर्ध्यावर येऊन थांबलं. तीस पाट्यांवर चारचा आकडा आणि समोर ते अर्धं माप! पेन्शनर आजोबांनी सावकाश आपल्या किटलीचं झाकण काढून आत बघितलं. मागनं कुणीतरी म्हणालं, आजवर आपण फेसच प्यालो म्हणायचं की पाव्हणं, आणि लोक हसले. मालकांचा हात चरवीसकट तसाच अधांतरी राहिला होता.

ह्यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझा नवरा लबाड नव्हता. कट्ट्यावर सगळेच तसंच ओतायचे, त्यांचे वडील तसंच ओतायचे. फेस म्हणजे ताज्या दुधाची खूण, तो आला नाही तर गिऱ्हाईकच नाक मुरडायचं. फेसाखाली दूध किती असतं हे कुणी कधी थांबून बघितलंच नव्हतं. पाण्याचा थेंब न घालणारा हा माणूस स्वतःला अगदी खरा समजत होता, आणि सात वर्षांच्या पोरीनं चारचौघांत त्याला दाखवून दिलं की तो रोज सकाळी बोटभर खोटा होता.

दुपारी ते जेवले नाहीत. लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, कागद आण. मी आणला, त्यांनी सही केली आणि म्हणाले की तिला त्या बाईच्या वर्गात ठेवायची न्हाय. मला पाहिजे होतं तेच झालं होतं. ते गोठ्यात निघून गेल्यावर लेक माझ्यापाशी आली.

“आई, मी सांगितलं ते खोटं हाय?”

मी म्हटलं, खोटं नाही. ती म्हणाली, मग? मी तिला हातपाय धुऊन यायला सांगितलं.

सोमवारी कागद द्यायला गेले, तर शाळेच्या व्हरांड्यात बाई उभ्या. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. बाईंचा चेहरा बघवत नव्हता. त्या म्हणाल्या, मी आधी घरी एकदा ओतून बघायला पाहिजे होतं, माझी चूक झाली, तुमच्या घरातल्या माणसाचा अपमान झाला. तुम्ही पुस्तकाच्या तुकडीत नाव घाला, मला राग नाही. फक्त तुमची मुलगी चुकली नाही, एवढं तिला घरी कुणीतरी सांगा. आता ह्यावर काय भांडणार? भांडायला काही उरलं नाही ह्याचाच मला जास्त संताप आला. वाटलं, कागद फाडावा. पण सगळ्या गल्लीच्या सह्या मीच गोळा केलेल्या, आणि घरात त्या माणसाबरोबर मलाच राहायचं होतं. मी आत जाऊन कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. बाईंच्या तुकडीत मूठभर पोरं राहिली.

गुरुजी वाईट होते असं कुणी समजू नये. देवमाणूस होता तो. शेंबडं नाक स्वतःच्या रुमालानं पुसायचे, घरच्या झाडाचे पेरू आणून वाटायचे, पोरांवर कधी हात उगारला नाही. लेक त्यांच्याकडं भराभर शिकली. शिमग्यापर्यंत वीस पाढे झाले आणि परीक्षेच्या तोंडावर तीस. एका संध्याकाळी तिनं एकोणतिसाचा पाढा एका दमात म्हटला. मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला.

तो माझाच आवाज होता. तसाच सूर, तसाच दम, शेवटी तसाच सुटलेला श्वास. मलाही तीसपर्यंत पाढे येत होते. वर पावकी, निमकी, दिडकी. आणि मी मॅट्रिकला गणितातच नापास झाले होते. एका नळानं टाकी भरते, दुसऱ्यानं रिकामी होते, असलं काहीतरी गणित होतं. तीसही पाढे माझ्या तोंडात होते, पण त्यातला कुठला कुठं लावायचा ते मला कळेना. मी घंटा होईपर्यंत पेन धरून बसून राहिले. घरी सांगितलं की पेपरच्या दिवशी अंगात ताप होता. लग्न ठरवताना सासरीही तेच सांगितलं होतं. मालकसुद्धा तेच धरून चालले होते.

आणि लेकीचं बघावं तर तिनं मोजणं सोडलं होतं. घागर नाही, पावलं नाहीत, कोडी नाहीत. शाळेला जाताना कट्ट्याचा रस्ता टाळून मागच्या बोळानं जायची. आधी सुट्टीच्या दिवशी बापाच्या मागं मागं कट्ट्यावर पळायची, मी ओरडायचे तरी पळायची. आता जायचं नावच काढत नव्हती. मालक विचारायचे, जेवलीस? ती म्हणायची, हं. तेवढंच बोलणं. लग्नाच्या पाचव्या दिवसापासनं मी जे मागत होते ते सगळं मला मिळालं होतं, पोरगी म्हशींपासनं लांब गेली होती. बापापासनंही गेली होती. जीव तुटायचा माझा त्या दोघांना शेजारी शेजारी जेवायला बसलेलं बघून.

कट्ट्यावरही काही धड नव्हतं. पेन्शनर आजोबा रोज यायचे, पण दूध किटलीत ओतल्यावर झाकण लावायचे नाहीत. फेस बसेपर्यंत तसेच उभे राहायचे. तक्रार नाही, बोलणं नाही, नुसते उभे. त्यांचं बघून आणखी दोघं-तिघं तसं करायला लागले. मालक त्यांच्याकडं न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचे आणि घरी येऊन म्हशींवर करवादायचे. मुक्या जनावरांना काय कळणार कशाबद्दल बोलणी खातोय ते.

मे महिन्यातली दुपार होती. आम्ही दोघं गोठ्यात वैरण तोडत बसलो होतो, लेक आत झोपली होती. मी त्यांना सांगून टाकलं. ताप आला नव्हता, मला गणित सुटलं नव्हतं. त्यांना आधी कशाबद्दल बोलते तेच कळेना. मग कळलं तेव्हा म्हणाले, एवढ्यासाठी लपवलंस व्हय?

“व्हय,” मी म्हटलं. “नापास झाल्याची लाज वाटली म्हणून दहा वर्षं लपवलं. तिला सात वर्षांची असून बोटभर लपवता आलं न्हाय. त्याचीच आपण तिला शिक्षा दिली.”

त्यांनी वैरणीची पेंढी सोडली, तोडली, दुसरी सोडली. मला वाटलं, पाण्यात गेलं माझं बोलणं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी पुन्हा छापील कागद आले. तिसरीला कुठली तुकडी पाहिजे ते लिहून द्या. मी कागद कोराच ठेवला, कपाटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक चरवी घेऊन निघाले आणि दारात थांबून लेकीला म्हणाले, चल, कट्ट्यावर. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती चप्पल घालून निघाली, त्यांच्या मागं, चार पावलं अंतर ठेवून.

मी हातातलं काम टाकलं, का कोण जाणे कागद आणि पेन घेतलं आणि गिरणीचा आडोसा गाठला. मालकांनी धार काढली. सवयीनं हात वर गेलाच, फेसाचा घुमट झालाच. पण ह्या वेळी त्यांनी ते माप किटलीत ओतलं नाही. दगडावर ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभे राहिले. पेन्शनर आजोबा थांबले, शेजारचे दूधवाले मान वळवून बघायला लागले. फेस बसायला किती वेळ लागतो हो!

“बघ गं, भरलं का?” ते म्हणाले.

लेक उकिडवी बसली. डोळा काठाच्या रेषेत आणला. सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि बापाकडं बघत म्हणाली की अजून थोडं. त्यांनी चरवीतनं हळू ओतलं, अगदी खालनं. तिनं पुन्हा बघितलं आणि म्हणाली, आता भरलं. त्यांनी ते दूध आजोबांच्या किटलीत ओतलं. आजोबांनी लगेच झाकण लावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

मग मालक सरळ गिरणीकडं आले. मी तिथं उभी असते हे त्यांना आधीपासनं माहीत होतं म्हणे. म्हणाले, दे तो कागद. मी भिंतीवर धरून त्यावर ‘कृतीची तुकडी’ असं लिहिलं आणि त्यांनी ओल्या हातानंच सही केली. सहीची शाई पसरली आणि शेजारी अंगठ्याएवढा दुधाचा डाग पडला.

तो कागद घेऊन मी तशीच शाळेत गेले. हेडमास्तरांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. कृतीची तुकडी बंद झाली होती. पोरं फारच कमी होती, तेवढ्यासाठी वेगळा वर्ग चालवायला वरनं परवानगी मिळाली नाही. तिसरीचे कागद छापून वाटून झाल्यावर ते त्यांना कळलं होतं. बाईंची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, “बाई, अर्ज तुमच्याच अक्षरात आहे.” टोमणा नव्हता तो. खरं होतं ते.

पंधरा दिवसांनी मी पत्ता काढत त्या दुसऱ्या शाळेत गेले. बाई मधल्या सुट्टीत भेटल्या. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तोंडातनं माफीचं अक्षर निघेना, म्हणून कट्ट्यावर झालं ते सगळं सांगत सुटले. त्यांनी मला मधे एकदाच थांबवून विचारलं की अजूनही फेस बसेपर्यंत थांबतात का? मी म्हटलं, रोज थांबतात. त्या डोळे पुसून हसल्या. त्यांच्या वर्गात बाकं ओळीत लावलेली होती.

लेक पुढं सगळी शाळा पुस्तकाच्या पद्धतीनंच शिकली. चांगली शिकली. पण रोज सकाळी शाळेच्या आधी ती कट्ट्यावर जायची. बाप माप भरून दगडावर ठेवायचा, विचारायचा, भरलं का? आणि ती सांगायची. फेस बसल्यावर भर घातलेलं थोडं दूध रोज गिऱ्हाइकाला जास्त जायचं, ते मालकांनी कधी बोलून दाखवलं नाही. नवी गिऱ्हाइकं आधी वैतागायची की दूध द्यायला एवढा काय वेळ. मग त्यांनाही सवय झाली. मीही पोरीला अडवलं नाही. कट्ट्यावर मात्र मी तेव्हाही गेले नाही. कधी गेलेच तर गिरणीपर्यंत.

बारावी झाल्यावर लेक शिकायला बाहेरगावी गेली. आम्ही दोघांनी तिला संध्याकाळी एस.टी. स्टँडवर गाडीत बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक नेहमीप्रमाणं म्हशी घेऊन गेले. अर्ध्या तासानं शेजारणीचा नवरा सांगत आला की तुम्हाला कट्ट्यावर बोलावलंय. वाटलं, माणूस पडला बिडला की काय. मी पीठ लागलेल्या हातांनी तशीच धावले. गिरण मागं पडली तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांना काही झालेलं नव्हतं. म्हशी उभ्या होत्या, गिऱ्हाइकं उभी होती. पेन्शनर आजोबा आता काठी टेकत यायचे, तेही होते. दगडावर माप भरून ठेवलं होतं, फेसासकट, आणि मालक नुसते त्याच्याकडं बघत उभे होते. मला बघितल्यावर म्हणाले, “आता तिच्या जागी कोण बघणार? तूच बघ.”

वीस वर्षांत त्या कट्ट्यावर माझा पाय पडला नव्हता. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर खोचला आणि मापापाशी उकिडवी बसले. अगदी नाकाशी म्हशीचा, ओल्या शेणाचा, कोमट दुधाचा वास आला. डोळा काठाच्या रेषेत आणला. फेस सावकाश खाली बसत होता. त्याला घाई नव्हती आणि आता मलाही नव्हती. तो पुरता बसला तेव्हा काठ आणि दूध ह्यांच्यामधली ती बोटभर जागा मला स्वच्छ दिसली.

“अजून थोडं,” मी म्हटलं.

त्यांनी ओतलं.